सोंगाचा पहिला प्रवेश

कादंबरी लिहिणाऱ्याला एक मोठी सोय असते आणि तिची त्याला बहुधा जाणीवही नसते. नायकाने हाक मारल्यावर नायिकेने वळून पाहायचे की नाही, हे तोच ठरवतो. दोघांचीही मने त्याच्याच दौतीत असतात. ही सोय काढून घेतली तर पात्रनिर्मितीचे काय उरेल? प्रश्न नुसता तात्त्विक नाही. गेली वीस-बावीस वर्षे जगातील कितीतरी माणसे अशी सोय नसताना रोज रात्री पात्रे उभी करीत आली आहेत. ती लेखक नव्हेत. संगणकावर खेळणारी माणसे आहेत. त्यांच्या या उद्योगाकडे वाङ्मयाच्या बाजूने पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ २००४ साली अमेरिकेत निघाला. एक विस्तीर्ण कल्पित भूमी, तीत माणसे, एल्फ, ऑर्क अशा जमाती, आणि हजारो खेळाडू एकाच वेळी तिथे वावरणारे. बहुतेकांना राक्षस मारायचे असतात, शस्त्रे मिळवायची असतात. पण या खेळाची काही राज्ये पहिल्यापासून वेगळ्या लोकांसाठी राखलेली आहेत. युरोपातील 'आर्जेंट डॉन' किंवा अमेरिकेतील 'मून गार्ड' इथे जाणारा खेळाडू आपल्या पात्राच्या तोंडून बोलतो, त्याच्या स्वभावाने वागतो. थोडक्यात, सोंग घेतो.

हे सोंग सुरू कसे करावे? नवखा माणूस येतो तो बहुधा सामान लादून येतो. त्याच्या पात्राचे आईबाप लहानपणी मारले गेलेले असतात, अंगात राजरक्त असते, डोळ्यांत शापित तेज असते. हे सारे चार पाने लिहून त्याने तयार ठेवलेले असते. इतर खेळाडूंना वाचता यावे म्हणून पात्राचे वर्णन जोडण्याची सोय करणारी 'टोटल आरपी' नावाची एक जोडणी आहे. तीत तो ती चार पाने भरतो आणि खानावळीच्या कोपऱ्यात गूढ चेहऱ्याने उभा राहतो. कोणी विचारण्याची वाट पाहतो. कोणी विचारीत नाही. का विचारावे? ज्याचे सगळे घडून गेले आहे, त्याच्याशी बोलून आणखी काय घडणार? आमच्याकडे होतकरू लेखकांच्या पहिल्या कादंबऱ्यांत पहिली साठ पाने अशीच पूर्वेतिहासात जातात.

यात खेळाचाही दोष आहे. खेळाला प्रत्येक जण नायकच हवा असतो. २००८ सालच्या भागातील 'लिच किंग' या मृतांच्या राजाचा वध असंख्य खेळाडूंनी केला, आणि त्यांतील प्रत्येकाला खेळ सांगतो की तो तूच केलास. गावातील प्रत्येक इसम म्हणू लागला की कंसाला मीच मारले, तर त्या गावात गप्पा कशा व्हाव्यात? म्हणून जाणते सोंगाडे खेळाने दिलेला पराक्रम बाजूला ठेवतात. कोणी पहारेकरी होतो, कोणी वैदू, कोणी पाव भाजणारा. आपल्याकडे म्हण आहे की सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही. इथे उलटे आहे: थैलीत हजारो मोहरा खुळखुळत असतात आणि गरिबीचे सोंग आणावे लागते. मोठेपण नाकारण्याची ही पहिली कृती मला फार अर्थपूर्ण वाटते.

दुसरी कृती त्याहून साधी, चालण्याची. या खेळात पात्रे एरवी धावतच असतात. बाजारात जायचे तरी धावत, देवळात शिरायचे तरी धावत. सोंगाडा एक कळ दाबून चालू लागतो. 'स्टॉर्मविंड' नगरीच्या रस्त्यावर शंभर माणसे धावत असताना एकटा सावकाश चालत असला, की ओळखावे, हा आपल्यातला. पात्राचे वय, ओझे, घाई, फुरसत हे सर्व त्या चालीत येते. चार पानी पूर्वेतिहासाने जे साधत नाही ते अर्ध्या गल्लीत साधते.

मग बोलणे. साधे बोलणे जवळ उभ्या असलेल्यांनाच ऐकू जाते. ओरडले तर लांबवर. कृती दाखवायची तर वेगळी आज्ञा लिहून पुढे 'थकून बाकावर बसतो' असे टाकायचे. खेळ त्याच्या आधी पात्राचे नाव आपोआप जोडतो. म्हणजे बोलणे प्रथमपुरुषी आणि कृती तृतीयपुरुषी. एका वाक्यात मी तो असतो, दुसऱ्यात त्याच्याकडे बाहेरून पाहत असतो. नट आणि निवेदक एकाच माणसात अशी आळीपाळीने बसलेली मी अन्यत्र पाहिलेली नाहीत. आणि खऱ्या घरातील काही सांगायचे असेल, मूल रडते आहे, दूध उतू जाते आहे, तर ते दुहेरी कंसात लिहायचे. हा संकेत मला मोठा सभ्य वाटतो.

परंतु खरी कसोटी पुढेच आहे. 'मी त्याला ठोसा मारतो आणि तो कोसळतो' असे लिहिणे या मंडळींत निषिद्ध मानतात. ठोसा उगारण्यापर्यंत तुमचा अधिकार. तो लागला की चुकला, समोरचा कोसळला की हसला, हे त्याने लिहायचे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा बैठा खेळ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात निवाडा करायला एक सूत्रधार असे आणि फासे असत. या राज्यांतील खानावळीत सूत्रधार नाही, फासेही हवे तरच. निवाडा दोघांच्या संमतीने. आपल्याला जवळचे उदाहरण कोकणातील पारंपरिक दशावताराचे. आख्यान ठरलेले, संवाद लिहिलेले नाहीत. संकासुर काय बोलेल त्यावर समोरच्याचे उत्तर. चांगला दशावतारी आपले वाक्य असे टाकतो की समोरच्याला उत्तर सुचावे. वाईट नट टाळी घेतो आणि समोरच्याला मुका करून सोडतो.

रिचर्ड बार्टल यांनी १९९६ साली अशा खेळांतील खेळाडूंचे चार वर्ग पाडले: कमावणारे, शोधणारे, गप्पा मारणारे आणि छळणारे. ते स्वतः अशा पहिल्या शब्दमय खेळाच्या दोन कर्त्यांपैकी एक, तेव्हा त्यांच्या शब्दाला वजन आहे. सोंग घेणे त्यांनी गप्पा मारणाऱ्यांच्या पदरात टाकले. हे अर्धेच पटते. गप्पांत माणूस स्वतःला सांगतो. इथे तो दुसऱ्याच्या पात्राला घडण्यासाठी जागा देतो.

मॅट्स स्टेन या नॉर्वेच्या तरुणाची हकीगत आता अनेकांना ठाऊक आहे. स्नायू झिजवणाऱ्या ड्युशेन विकाराने तो २०१४ साली पंचविसाव्या वर्षी गेला. मुलगा एकाकी गेला याचेच आईबापांना दुःख होते. त्याच्या टिपणवहीच्या पानावर त्यांनी निधनाची वार्ता लिहिली, आणि अनोळखी माणसांची पत्रे येऊ लागली. 'आर्जेंट डॉन'वर तो 'इबेलिन' होता. 'स्टारलाइट' नावाच्या सोंगाड्यांच्या मंडळात त्याची वर्षे गेली होती. त्याच्या एका जिवलग मैत्रीची सुरुवात कशी झाली, ते त्या मैत्रिणीनेच पुढे सांगितले आहे. गोल्डशायर गावात शेकोटी होती. तिचे पात्र झुडपातून उडी मारून आले, त्याने इबेलिनची टोपी हिसकावली, क्षणभर दोघे एकमेकांकडे पाहत राहिले, आणि ते टोपी घेऊन पळाले.

या टोपीचा मी पुष्कळ विचार केला आहे. खेळात दुसऱ्याची टोपी काढून घेण्याची कसलीही यंत्रणा नाही. टोपी पळाली ती केवळ एका ओळीत, आणि इबेलिनने मानले म्हणून पळाली. 'माझी टोपी डोक्यावरच आहे' असे त्याने लिहिले असते तर तो खराच होता, आणि पुढचे काहीच झाले नसते. त्याने टोपी जाऊ दिली. ज्याच्या देहाला उठून पाठलाग करणे शक्य नव्हते, त्याला पाठलागाचे कारण मिळाले.

म्हणून या प्रकारातील सारे काही थोर, असे मी म्हणणार नाही. बहुतेक रात्री खानावळीत तेच ते घडते. प्रेमप्रकरणांचा सुळसुळाट आहे. संमतीशिवाय पात्र मरत नाही, आणि स्वतःच्या पात्राच्या मरणाला संमती देणारा विरळा. तेव्हा शोकांतिका जवळजवळ अशक्य. सोंगाआड माणूस लपूही शकतो. मॅट्सनेही आपला आजार आपल्या मंडळापासून वर्षानुवर्षे झाकून ठेवला होता.

बेंजामिन री यांनी २०२४ साली त्याच्यावरील बोलपट प्रदर्शित केला. खेळातील संभाषणांच्या जपून राहिलेल्या नोंदी घेऊन त्यांनी ते प्रसंग चलत्चित्रांत पुन्हा उभे केले, नटांकडून आवाज दिले. चित्रपट हृद्य आहे, आणि पुष्कळांना त्यानेच या जगाची ओळख झाली. तरी माझ्यातील वाचक म्हणतो, त्या नोंदी आहेत तशा छापायला हव्या होत्या. पडद्यावर एकाचे वाक्य संपते तोच दुसऱ्याचे येते. मूळ खेळात दोन ओळींमध्ये जो वेळ जाई, दूर कुठेतरी कोणी उत्तर टंकीत आहे आणि इकडे आपले पात्र गप्प उभे आहे, तो वेळ चित्रपटात कुठेच नाही.