ही तसबीर कोणाची?

जे. पी. नगरातल्या रंगशंकरात नाटकाआधी कॉफी घेताना एका कन्नड मित्राला मी ‘संशयकल्लोळ’ची गोष्ट सांगत होतो. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमके तेच त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीकडून पडलेली अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेला सापडते. ती न्याहाळताना फाल्गुनराव तिला पाहतो. मित्र हसला. “हे तर मोलिएरचं!” म्हणजे तुमचं नव्हे.

खरेच होते ते. मोलिएरचे ‘स्गानारेल’ १६६० साली पॅरिसच्या पेटी-बूर्बों नाट्यगृहात झाले. त्याआधी तिथेच तो इटालियन नटांबरोबर वार वाटून घेऊन खेळ करी; त्यांचा विनोद त्याच्या अंगात मुरलेला. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या, फ्रान्समध्ये शिकलेल्या आर्थर मर्फीने १७६१ मध्ये त्या गोष्टीवरून ‘ऑल इन द राँग’ रचले. गोविंद बल्लाळ देवलांनी मर्फीवरून आधी गद्य ‘फाल्गुनराव’ लिहिले, आणि १९१६ मध्ये त्याचेच संगीत नाटक झाले.

एवढे सांगून आपले समीक्षक थांबतात, याचा मला राग येतो. मोलिएर आणि मर्फी यांची नायिका प्रतिष्ठित घरची. तिच्याविषयीचा संशय हा केवळ गैरसमज. देवलांनी तिला नायकिणीची मुलगी केले. ही एवढीशी वाटणारी अदलाबदल नाटकाचा पायाच हलवते. रेवतीला लग्न करून संसार हवा आहे, आणि तिच्यावर संशय घ्यायला अश्विनशेटला तसबिरीचीसुद्धा गरज नाही. सारा गाव तो आधीच घेऊन बसलेला आहे. प्रेक्षकही. आपण फाल्गुनरावाला हसतो, पण अश्विनशेट बिथरतो तेव्हा हसू जरा अडखळते. ‘शारदा’ लिहिणारा नाटककार इथे दिसतो. कृत्तिकेच्या बाबतीत मात्र त्यांनी हात आखडता घेतला. ती परक्या प्रहसनातली मत्सरी बायकोच राहिली.

नावांची गंमत तर भाषांतरात उतरणारच नाही. पुरुष महिने, बायका नक्षत्रे. रेवती हे शेवटचे नक्षत्र, त्याला लागून अश्विनी. कृत्तिकेचा महिना मात्र कार्तिक. फाल्गुन तिथून चार महिने दूर! हे जोडपे पंचांगातच जमत नाही.

मित्राला मी आणखी एक सांगितले : विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, त्यामागे कर्नाटकातल्या कर्कीहून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची प्रेरणा होती.

“मग मराठी नाटकच आमचं,” तो म्हणाला.

मी उत्तर देणार तोच घंटा झाली. इथे उशीर केला तर आत सोडत नाहीत. कॉफी तशीच ठेवून आम्ही पळालो.