आकाशांतील नरतुरंग

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस आम्ही बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांतील जानेफळ येथें आप्तांकडे कांहीं दिवस राहिलों होतों. त्या दिवसांत रात्रीं साडेदहाच्या सुमारास गच्चीवरून दक्षिणेकडे पाहिलें असतां, क्षितिजापासून जेमतेम नऊ अंश उंचीवर दोन तेजस्वी तारे शेजारीं शेजारीं दिसतात. त्यांस मित्र आणि मित्रक म्हणतात. ज्या तारकासमूहाच्या पुढच्या पायांवर हे तारे कल्पिले आहेत त्याचें मराठी नांव नरतुरंग. कंबरेपर्यंत मनुष्य आणि खालीं घोडा असा हा ग्रीक पुराणांतील सेंटॉर होय. ही माहिती आम्ही देत असतां आमच्या भाच्यानें विचारलें, "मामा, असा अर्धा घोडा पंचांगांत धनु राशीच्या चित्रांतही असतो. मग तो ग्रीकांचा कसा?" राशींचें तें चित्रही यवनांकडूनच आपल्याकडे आलें असें आम्ही सांगितलें. तें ऐकून घरांतील वृद्ध यजमान कांहींसे खिन्न झाले. पंचांग पाहिल्यावांचून ज्यांनीं आजवर कोणतें कार्य आरंभिलें नाहीं असे ते गृहस्थ म्हणाले, "म्हंजे भाऊ, आमचं पंचांगबी उसनंच का?"

त्या रात्रीं आम्हीं दिलेलें उत्तर आमचें आम्हांसच अपुरें वाटलें. तें पुरें करावें एवढ्याचसाठीं हा लेख आहे.

प्रथम मूळ कथा पाहूं. लॅपिथ लोकांचा राजा इक्सियॉन यास देवराज झ्यूस यानें आपल्या पंक्तीस बसविलें, तों या कृतघ्नानें यजमानाच्या पत्नीवरच, हेरा देवीवर, पापदृष्टि ठेविली. झ्यूसनें मेघाची एक खोटी हेरा निर्माण केली. तिच्यापासून इक्सियॉनला सेंटॉरस नांवाचा पुत्र झाला, आणि त्याचा पेलिअन डोंगराच्या परिसरांतील घोड्यांशीं संबंध येऊन ही अर्धमानव जात जन्मास आली. कृतघ्नता हा तिचा आजा आणि भ्रम ही तिची आजी! पुढें इक्सियॉनचा दुसरा पुत्र पायरिथूस याच्या लग्नास हीं भावकींतलीं मंडळी आलीं, मद्य चढतांच त्यांच्यापैकीं युरिटिऑन यानें नवरीच्याच अंगावर हात टाकला, आणि लग्नमंडपाची रणभूमि झाली. अथेन्स येथील पार्थेनॉन मंदिराच्या दक्षिण बाजूस ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत हेंच युद्ध शिल्पांत कोरलें गेलें. त्यांतील बरेच शिलापट आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत. उद्दाम पशुत्वावर मर्यादेचा जय, असा अर्थ त्यांत पाहिला जातो.

परंतु याच शरीराचा एक ऋषि ग्रीकांनीं कल्पिला आहे. त्याचें नांव कायरॉन. वैद्यक, संगीत, मृगया या विद्यांत तो निपुण. पेलिअन डोंगरावरील त्याच्या गुहेस गुरुकुलच म्हणावें, कारण अकिलीस, जेसन आणि वैद्यकाचा देव अ‍ॅस्क्लेपियस हे तेथेंच शिकले. हेराक्लीसचा विषारी बाण चुकून त्यास लागला. तो अमर असल्यामुळें त्यास मरण येईना, आणि विष असें कीं जखमही भरेना. ज्याच्या शिष्यानें सर्व जगाचीं दुखणीं बरीं केलीं, त्या गुरूच्या व्रणावर औषध नव्हतें. अखेर आपलें अमरत्व टाकून त्यानें मरण पत्करलें, आणि त्यामुळें प्रॉमीथ्यूसची बंधनांतून सुटका झाली, असें अपोलोडोरस या कथाकारानें सांगितलें आहे.

येथें एक आक्षेप घेणें प्राप्त आहे. कायरॉन हा त्या भांडखोर सेंटॉरांच्या वंशांतला नव्हे. क्रोनस या देवानें अश्वरूप घेतलें असतां फिलिरा हिच्यापासून तो झाला, असें ग्रीक सांगतात. कित्येक जुन्या कुंभचित्रांत त्याचे पुढचे पायही मनुष्याचेच काढले आहेत. सद्गुण दृष्टीस पडला कीं त्यास लागलींच निराळें कुळ चिकटवावयाचें, ही खोड आपल्या पुराणांसही अपरिचित नाहीं. वस्तूची योग्यता तिच्या जन्मावरून ठरवूं गेल्यास काय होतें याचा हा नमुना आहे, आणि आमच्या यजमानांची खिन्नता याच खोडींतून आली होती असें आम्हांस वाटतें. पंचांग चांगलें खरें, पण तें आपल्या कुळांत जन्मलें नसेल तर?

त्या जन्माची हकीकत अशी. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें *बृहज्जातकां*त धनु राशीचें जें रूप दिलें आहे तें धनुष्य घेतलेल्या, घोड्याची जघनें असलेल्या पुरुषाचें आहे. त्याच ग्रंथांत या राशीचें दुसरें नांव तौक्षिक असें आढळतें. धनुर्धर या अर्थाच्या तोक्सोतेस या ग्रीक शब्दाचें तें संस्कृत रूप होय. म्हणजे नांव आणि चित्र दोन्हीं यवनांचीं. आणि तें वराहमिहिरानें लपविलें नाहीं, इतकेंच नव्हे तर यवन हे म्लेच्छ असले तरी या शास्त्रांत पारंगत असल्यामुळें ऋषींप्रमाणें पूज्य होत, असा अभिप्राय *बृहत्संहितें*त आदरानें नमूद केला. ऋण मान्य करण्यांत त्यास कमीपणा वाटला नाहीं. आपण मात्र चित्र ठेविलें आणि पावती हरविली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं १८९६ सालच्या *भारतीय ज्योतिषशास्त्र* या ग्रंथांत, यवनांकडून काय आलें आणि आपलें स्वतःचें काय, याचा कसून विचार केला, तो या हरविलेल्या पावतीचाच शोध होता.

बरें, यवनांचें तरी तें चित्र स्वतःचें होतें काय? बाबिलोनच्या सीमाशिलांवर अर्धा मनुष्य व अर्धा घोडा असा धनुर्धर ग्रीक राशिचक्राच्या कितीतरी आधींपासून कोरलेला आढळतो. सेंटॉर धनुष्य वापरीत नाहींत, तेव्हां आकाशांतला हा धनुर्धर सेंटॉर नव्हेच, अशी शंका ग्रीकांपैकींच कांहींनीं काढली होती. तात्पर्य, ज्यास आपण सावकार समजतों तोही ऋणकोच निघतो.

उसनेपणाच्या लाजेची उलट बाजू म्हणजे सर्व आपलेंच म्हणण्याचा हव्यास. सेंटॉर म्हणजे आमचा किन्नर, असें कोणी सहज म्हणेल. पण अमरकोशांत किन्नराचा पर्याय तुरंगवदन असा दिला आहे: मुख घोड्याचें आणि शरीर मनुष्याचें. ही रचना सेंटॉरच्या नेमकी उलट आहे. ग्रीकांनीं पशूच्या धडावर मनुष्याचें मस्तक बसविलें, म्हणून त्यांच्या कथेंत बुद्धि आणि वासना यांची ओढाताण आहे. आपला किन्नर गातो. त्याच्यांत ती ओढाताण नाहीं. दुसरें साम्य गंधर्व या शब्दाचें. गंधर्व आणि केन्तौरोस हे शब्द मुळांत एकच, असें मत एकोणिसाव्या शतकांत जर्मन पंडित कून यांनीं मांडलें, आणि फ्रेंच पंडित द्यूमेझील यांनीं १९२९ सालीं त्यावर एक ग्रंथच लिहिला. तथापि ध्वनिनियमांस तें समीकरण जुळत नाहीं, म्हणून भाषाशास्त्रज्ञांनीं तें सामान्यतः मानलेलें नाहीं. कानास गोड लागणारें साम्य हा पुरावा नव्हे.

या दोहोंच्या मानानें नरतुरंग हा शब्द आम्हांस फार प्रामाणिक वाटतो. जें दिसतें तेवढेंच तो सांगतो. परक्यास तो आपल्या कुळांत ओढीत नाहीं किंवा दाराबाहेरही ठेवीत नाहीं. त्यांत एकच उणीव आहे. शरीर भाषांतरित झालें, पण कथा मागें राहिली. ती कथा मराठी वाचकाच्या परिचयाची करून देणें हें कोशकाराचें नव्हे, शिक्षकाचें आणि लेखकाचें काम आहे.

आतां पुन्हां त्या दोन ताऱ्यांकडे वळूं. मित्र हा सूर्यानंतर आपणांस अति निकटचा असा तारकासंघ, अंतर सुमारें ४.३७ प्रकाशवर्षें. त्यांतीलच एक मंद तारा, जो १९१५ सालीं इन्स यांनीं दक्षिण आफ्रिकेंत शोधिला, तो ४.२४ प्रकाशवर्षांवर म्हणजे आणखी जवळ आहे. मित्र हा एक तारा नसून जोडी आहे हा शोध तर भारतभूमीवर लागला. १६८९ सालीं रिशो नांवाच्या जेसुइट पाद्र्यानें पाँडिचेरी येथें दुर्बिणींतून धूमकेतु पाहतांना ती जोडी ओळखिली. मित्रक मात्र सुमारें चारशें प्रकाशवर्षांवर आहे. त्यांचा शेजार केवळ दृष्टीचा.

याहून मौजेची गोष्ट पुढेंच आहे. टॉलेमीनें दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाहून या समूहाची नोंद केली तेव्हां मित्र हा तारा तेथून दिसत असे. पुढें अयनचलनामुळें तो दक्षिणेस सरकला. आज अथेन्स किंवा अलेक्झांड्रिया येथून तो क्षितिजावर मुळींच येत नाहीं. ज्यांनीं हा नरतुरंग कल्पिला त्यांच्या नातवंडांस त्याचा तो पाय घरून दिसत नाहीं, आणि जानेफळच्या गच्चीवरून तो स्वच्छ दिसतो! आकाशावर मालकी कोणाची या वादाचा निकाल आकाशानेंच असा दिला आहे.

सेंटॉर हें नांव पुढें आणखी एका ज्योतिवर्गास मिळालें. १ नोव्हेंबर १९७७ रोजीं अमेरिकेंतील पॅलोमार वेधशाळेच्या छायाचित्रांत चार्ल्स कोवल यांस एक लहान ज्योति आढळली. ती शनि आणि युरेनस यांच्या दरम्यान फिरते व सुमारें पन्नास वर्षांत सूर्याभोंवतीं एक फेरा करते. क्रोनस म्हणजेच रोमनांचा शनि, आणि युरेनस हा क्रोनसचा पिता. म्हणून त्या दोघांमध्यें वावरणाऱ्या या ज्योतीस शनिपुत्र कायरॉनचें नांव दिलें. केवळ वंशावळीचा हा विचार. परंतु १९८९ सालीं या लघुग्रहाभोंवतीं धूमकेतूसारखें धुकट आवरण दिसलें, आणि आज त्याची गणना लघुग्रहांत आणि धूमकेतूंत अशी दोहोंकडे होते. अर्धा हा, अर्धा तो! नांव ठेवणाऱ्यास ठाऊक नव्हतें तें सत्य नांवांत आधींच येऊन बसलें होतें.

यानंतर १९९२ सालीं फोलस आणि १९९३ सालीं नेसस हे सांपडले, आणि या जातीच्या ज्योतींस सेंटॉरांचीं नांवें देण्याची वहिवाट पडली. यांच्या कक्षा स्थिर नाहींत. मोठ्या ग्रहांच्या ओढीनें कांहीं दशलक्ष वर्षांतच त्या बिघडतात, मग कोणी सूर्याकडे येऊन धूमकेतु होतो, तर कोणी सूर्यमालेबाहेर फेंकला जातो. पायरिथूसच्या मंडपांतील पाहुण्यांची येथें आठवण होते. परंतु रूपक फार ताणूं नये. या वर्गांतील सर्वांत मोठी कॅरिक्लो ही कथेंत कायरॉनची पत्नी, सेंटॉर नव्हे. आणि तिच्याभोंवतीं दोन कडीं आहेत, जीं २०१३ सालीं प्रथम दिसलीं, तीं कोणत्याही पुराणांत नाहींत. जें नांवांत मावत नाहीं तें निमूटपणें निराळें मांडणें हीच शास्त्राची सचोटी.

आमची सूचना एवढीच कीं, या ज्योतिवर्गास मराठींत नरतुरंगवर्ग म्हणावें आणि कायरॉन, फोलस हीं विशेषनामें जशींच्या तशीं ठेवावीं. जातीचें नांव आपलें, व्यक्तीचें नांव तिचें. वराहमिहिरानें चित्र घेऊनही तौक्षिक हा शब्द टिकविला, त्याचा कित्ता आपण गिरवावा.

निघण्याच्या आदल्या दिवशीं आम्ही यजमानांसह लोणारचें सरोवर पाहून आलों. विष्णूनें लवणासुरास मारलें ती ही जागा, असें स्थानिक पुराण सांगतें. अशनिपातानें झालेला हा सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा आहे, असें भूशास्त्र सांगतें. दैत्यसूदनाच्या देवळांत यजमानांनीं हात जोडले, आणि नंतर खड्ड्याच्या कांठावर भाच्याकडून अशनीची सर्व हकीकत तितक्याच आस्थेनें ऐकून घेतली. रात्रीं गच्चीवर ते आपण होऊन म्हणाले, "भाऊ, तो तुमचा घोडेवाला गुरुजी कुठं हाय, पुन्हा दाखवा जरा." त्यांच्या पहिल्या प्रश्नाचें आमचें उत्तर एकच आहे. पंचांगांतलें तें चित्र उसनें खरें, पण चौदाशें वर्षें ज्या घरानें तें सांभाळलें त्या घराचें तें झालें. फक्त हरविलेली पावती पुन्हां त्याच्या शेजारीं ठेवावी, म्हणजे झालें.