कायद्याचे नाव आणि ग्रंथालयाची सूची

सार्वजनिक ग्रंथालयांमुळे सामान्य माणसास न्याय सुलभ होतो, हे विधान बहुधा परीक्षेवाचूनच स्वीकारले जाते. ते पारखून पाहण्यास सातारा-सांगलीचा प्रदेश विशेष सोयीचा आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात न्यायदान मंडळे चालविली (सांगलीचा भाग १९४९ मध्ये वेगळा झाला), आणि त्याच चळवळीत खेड्यांतून वाचनालयेही निघाली. न्याय व वाचन यांचा असा शेजार क्वचितच आढळतो. परंतु शेजार म्हणजे संबंध नव्हे. तंटा गावातच, गावच्या बोलीत मांडला जात असल्याने त्यासाठी पुस्तक उघडण्याचे कारण नव्हते. लोकांनी तर त्या सत्तेचे नावही आपल्या जिभेस वळवून 'पत्री सरकार' असे केले आणि तळपायांवरील माराच्या शिक्षेशी त्याचा अर्थ जुळवून टाकला. लोकव्युत्पत्तीचे हे मोठे बोलके उदाहरण होय. त्या शिक्षेमुळे तो न्याय निखळ गौरवाचा विषय राहत नाही, ही गोष्ट वेगळी.

आजचा न्याय लेखी आहे, आणि अडचण येथेच सुरू होते. शेतकऱ्याच्या तोंडी 'कूळकायदा' असतो; १९४८ च्या त्या कायद्याच्या पुस्तकावर 'कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम' असे छापलेले असते. 'सातबारा' हा शब्द गाव नमुना ७ व १२ या आकड्यांतून लोकांनी घडविला. ग्रंथात त्याचा शोध 'अधिकार अभिलेख' या मथळ्याखाली घ्यावा लागतो. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला, १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व त्याखालील न्यायालयांची भाषा मराठी ठरली. एवढे होऊनही बोलीतील नाव व छापील नाव यांतील अंतर मिटलेले नाही. याचा दोष परिभाषेस देण्याची रीत आहे. ती अन्यायाची आहे, कारण नेमक्या शब्दावाचून कायद्याचे चालत नाही.

दोष आहे तो सूचीचा. १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमानंतर ग्रंथालयांची 'अ' ते 'ड' अशी वर्गवारी झाली व तीवर अनुदान ठरू लागले. ग्रंथसंख्या, सभासद, वृत्तपत्रे यांची मोजदाद होते. हातात नोटीस घेऊन आलेल्या माणसास हवे ते पान सापडले काय, हे मोजण्याची सोय त्यात नाही. दशमान पद्धतीतील ३४० हा क्रमांक त्याला काहीच सांगत नाही. 'कूळकायदा' या शब्दाखाली एक 'पाहा' नोंद केली, तर ते काम एका पत्रकात होते.

ग्रंथपाल वकील नव्हे, आणि त्याने सल्ला देऊही नये. १९८७ च्या कायद्यान्वये स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती इत्यादींस उत्पन्नाचा विचार न करता विनामूल्य विधी साहाय्य मिळते, एवढे त्याच पत्रकाच्या तळाशी लिहिता येईल. मात्र 'जिल्हा विधी सेवा प्राधिकरण' हे नाव घेऊन कोणी चौकशीस येत नाही. लोक 'मोफत वकील' विचारतात. तेव्हा तीही नोंद 'म' या अक्षराखालीच करावी लागेल.