गोड्या पाण्यात उरणारे जांभळे

हॅलोबॅक्टेरियम सॅलिनेरम प्रयोगशाळेत वाढवायचा तर लिटरमागे पाव किलो मीठ घालावे लागते. समुद्राचे पाणी त्यापुढे अळणीच. त्यात लिटरमागे जेमतेम ३५ ग्रॅम क्षार. नावात बॅक्टेरियम असले तरी हा जीव आर्किया कुळातला. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासातही असेच मीठप्रिय आर्किया सापडले होते.

बाहेरच्या मिठाला तोंड द्यायला या जीवाने स्वतःच्या पेशीत पोटॅशियमचे क्षार ठासून भरले आहेत. इतक्या खारटात साधे प्रथिन साकळून खाली बसेल. म्हणून याच्या बहुतेक प्रथिनांच्या पृष्ठभागावर अ‍ॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांची दाटी असते. त्यांचे ऋणभार पाणी आणि क्षार धरून ठेवतात. या कारागिरीची किंमतही आहे. मीठ काढून घेतले की तेच ऋणभार एकमेकांना ढकलू लागतात आणि प्रथिनाची घडी उसवते.

ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवली तरच बॅक्टेरिओरोडॉप्सिन या त्याच्या जांभळ्या प्रथिनाची, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या प्रोटॉनच्या पंपाची, खरी गोडी कळते. या पेशींवर शुद्ध पाणी ओता. पेशी फुटतात, आतला ऐवज पाण्यात विखुरतो. उरतात ते पेशीपटलाचे जांभळे तुकडे. साखरेच्या चढत्या घनतेच्या द्रावणावर घालून ते यंत्रात गरगर फिरवले की नळीत जांभळा पट्टा वेगळा दिसतो. १९७१ मध्ये डीटर ओस्टरहेल्ट आणि वॉल्थर स्टोकेनियस यांनी या जांभळ्यात रेटिनल असल्याचे दाखवले. आपल्या डोळ्यांना प्रकाश टिपून देणारा रेणू तो हाच.

या प्रथिनाची रचना आटोपशीर आहे. २४८ अमिनो आम्लांची साखळी पटलाच्या आरपार सात वेळा ये-जा करते. रिचर्ड हेंडरसन आणि नायजेल अनविन यांनी १९७५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ही सात सर्पिले प्रथम दाखवली. त्यांच्या मधोमध, २१६व्या स्थानावरच्या लायसिनला रेटिनल बांधलेले आहे. त्याच्या बाहेरच्या अंगाला ८५वे अ‍ॅस्पार्टिक आम्ल, आतल्या अंगाला ९६वे. बाकीच्या प्रथिनांत जे आम्ल मूठमूठ उधळलेले, ते इथे मोक्याच्या जागी एकेक.

आता आवर्तन पाहू. प्रकाशकण पडताच सरळ रेटिनल तेराव्या कार्बनपाशी वळते. लायसिनशी जुळलेल्या सांध्यावरचा प्रोटॉन ८५व्या आम्लाकडे जातो आणि पेशीबाहेर एक प्रोटॉन सुटतो. रिकाम्या सांध्याला ९६वे आम्ल आपला प्रोटॉन देते आणि स्वतःची तूट पेशीच्या आतून भरून काढते. रेटिनल पुन्हा सरळ होते. सारे मिळून सुमारे १० मिलिसेकंद. दाद द्यावी ती मधल्या क्षणाला. सांधा बाहेरच्या बाजूला प्रोटॉन देतो, मग त्याचा रोख पालटतो आणि तो आतल्या बाजूकडून घेतो. एक दार लागल्याशिवाय दुसरे न उघडणाऱ्या देवडीसारखी ही व्यवस्था. म्हणून गेलेला प्रोटॉन त्याच वाटेने परतत नाही.

एखादा शब्द बदलून कवितेची ताकद जोखावी, तसे हरगोविंद खुराना यांच्या गटाने पाठभेद करून पाहिले. ८५व्या जागी अ‍ॅस्पॅराजिन घातले, तर पंप बंदच पडतो. ९६व्या जागी तेच घातले, तर चक्र रेंगाळते. एकाच बदलाचे हे दोन परिणाम दोन्ही जागांचे वेगवेगळे काम उघड करतात.

या जीवाच्या जनुकसंचाची प्रकृती मात्र चंचल. २००० साली एनआरसी-१ या वाणाचा संपूर्ण क्रम वाचला गेला, तेव्हा त्यात जागा बदलणारे डीएनएचे तुकडे, म्हणजे इन्सर्शन सीक्वेन्स, ९१ सापडले. त्यातला एखादा बॅक्टेरिओरोडॉप्सिनच्या जनुकात घुसला की जांभळा रंग जातो. साधारण दहा हजारांत एका पेशीत असे घडते. तरीही हा मजकूर टिकून आहे. दाट खाऱ्या पाण्यात प्राणवायू जेमतेम विरघळतो. तो कमी पडला की हे जनुक जोमाने चालू होते आणि प्रकाशावर ऊर्जेची सोय होते.

मग मीठ गेले की इतर प्रथिने उसवतात, तसे बॅक्टेरिओरोडॉप्सिन गोड्या पाण्यात का उसवत नाही? त्याचा बराचसा बाह्यभाग पाण्याला सामोरा जातच नाही. तो पटलातल्या मेदात रुतलेला असतो, तिघांतिघांच्या घट्ट जाळीत. त्यामुळे त्याची घडी मिठाच्या आधारावर उभी नाही. याच गुणावर १९७४चा एफ्रेम रॅकर आणि स्टोकेनियस यांचा प्रयोग उभा राहिला. त्यांनी सोयाबीनच्या मेदाच्या पोकळ गोळ्यांत हे जांभळे प्रथिन बसवले आणि शेजारी गाईबैलांच्या हृदयातले एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, बनवणारे प्रथिन. उजेड पडला आणि एटीपी तयार झाले. प्रोटॉनच्या उतारातून पेशी ऊर्जा मिळवते, या पीटर मिचेल यांच्या म्हणण्याला त्याने मोठे बळ मिळाले. मिचेल यांना १९७८ मध्ये नोबेल मिळाले. मिठाचे मिंधेपण नसल्यामुळेच मिठागरातली ही रचना परक्या संगतीतही आपले काम चोख करू शकली, आणि माझ्या लेखी तिचा सर्वांत मोठा गुण हाच.