पडद्यावरील बहुपृष्ठक आणि ‘पृष्ठ’ ही संज्ञा

बहुपृष्ठकांच्या अध्ययनात संगणकप्रणालींनी मोठीच सोय केली आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. ‘जिओजेब्रा’ला २०१४ साली, पाचव्या आवृत्तीत, त्रिमितीय दर्शनाची जोड मिळाली. तीत द्वादशपृष्ठक क्षणात उभा राहतो, हवा तसा फिरविता येतो, आणि सरकपट्टी ओढली की त्याची पृष्ठे उलगडून सपाट घडणी समोर पसरते. फळ्यावरील तिरक्या रेघांत जे विद्यार्थ्यास कल्पनेने भरून काढावे लागे, ते येथे डोळ्यांस दिसते. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अध्यापक. त्यामुळे त्याचे लक्ष पाहण्यापेक्षा मोजण्याकडे अधिक गेले. मोजावयाचे तर आधी नाव द्यावे लागते.

लघु तारांकित द्वादशपृष्ठकाचेच उदाहरण घेऊ. केप्लरने १६१९ मध्ये त्याचे वर्णन केले आहे. जिओजेब्रात तो रचावयाचा तर द्वादशपृष्ठकाच्या प्रत्येक पृष्ठावर योग्य उंचीची पंचकोनी सूची बसवावी. मग बाहेरून ६० त्रिकोण दिसतात, शिरोबिंदू ३२ आणि कडा ९० भरतात. ३२ – ९० + ६० = २; ऑयलरचे सूत्र अबाधित राहते. रॉबर्ट वेब यांच्या ‘स्टेला’ या प्रणालीत मात्र याच घनाची पृष्ठे १२ आहेत, म्हणजे परस्परांस छेदून जाणारे बारा पंचकोनी तारे. कडा ३०, शिरोबिंदू १२. उत्तर उणे ६. गंमत अशी की कागदी प्रतिकृतीसाठी घडणी छापताना हीच प्रणाली ताऱ्यांचे केवळ बाहेर दिसणारे भाग देते. गणनेला अखंड तारा, कात्रीला त्याचे तुकडे!

दोन्ही पडद्यांवर आकृती एकच दिसते. भेद आहे तो ‘पृष्ठ’ कशास म्हणावे या निर्णयाचा. इम्रे लाकाटोश यांच्या ‘प्रूफ्स अँड रेफ्युटेशन्स’ या १९६३-६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संवादात वर्गातील विद्यार्थी याच घनावरून हमरीतुमरीवर येतात, आणि त्या भांडणातूनच व्याख्या घडत जाते. संगणकप्रणालीत भांडण उद्भवतच नाही. निर्णय प्रणालीकाराने आधीच घेतलेला असतो. विद्यार्थ्याच्या हाती फक्त आकडा येतो, आणि तो आकडा निसर्गदत्त आहे असे त्यास वाटते. आमचा आक्षेप एवढाच आहे, पण तो किरकोळ नव्हे.

स्वतः ऑयलरचा मार्ग याहून निराळा होता. १७५० साली गोल्डबाखला लिहिलेल्या पत्रात त्याने पृष्ठ, कड आणि घनकोन या तिहींना संज्ञा दिल्या. कडेसाठी त्याने योजलेला ‘अ‍ॅसिएस’ हा लॅटिन शब्द मूळचा शस्त्राच्या धारेचा. पृष्ठासाठीचा ‘हेड्रा’ ग्रीक. त्याचा अर्थ बैठक. ग्रीकांचा घन त्यावर बसतो, आपला पाठ दाखवितो!

मराठीत अडचण आणखी एका पायरीने वाढते. शालेय पाठ्यपुस्तकांत ‘पृष्ठ’ हा घनाचा एकेक सपाट भाग; परंतु ‘पृष्ठफळ’ म्हणताच तोच शब्द घनाच्या संपूर्ण बाह्यांगाचा वाचक होतो. वरील उदाहरणात तर या दोहोंची ताटातूटच झालेली आहे: ताऱ्याच्या मधला पंचकोन घनाच्या पोटात दडलेला असतो, तो ‘पृष्ठा’चा भाग खरा, पण ‘पृष्ठफळा’त त्याची गणना नाही. स्फटिकशास्त्रावरील मराठी लेखनात ‘फलक’ हा शब्द रूढ आहे. तो येथे स्वीकारावा असे आमचे मत आहे, शाळेतील सवय मोडावी लागली तरीही. त्याने बारा की साठ हा प्रश्न सुटणार नाही. तो विचारण्यापुरती भाषा तरी मोकळी होईल.