अणीमाण्डव्याचें उदाहरण व कौटिल्याची तपासपद्धति

आर. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसूर येथें कौटिलीय अर्थशास्त्राचा मूळ ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. तेव्हांपासून त्याच्या ‘कण्टकशोधन’ नामक चौथ्या अधिकरणाची स्तुति पुष्कळ झाली आहे. त्यांतील सहावा, सातवा व आठवा हे अध्याय गुन्ह्याच्या तपासाविषयीं आहेत. प्रेतपरीक्षा आमच्या पूर्वजांस ठाऊक होती, एवढें सांगून बहुतेक लेखक थांबतात. हें विधान खोटें नाहीं. पण त्यांत ग्रंथाचें मर्म येत नाहीं. या अध्यायांचें खरें मोल लक्षणांच्या यादींत नसून तपासाच्या क्रमांत आहे, आणि क्रम चुकला असतां काय अनर्थ होतो हें ग्रंथकारानेंच एका वाक्यांत सांगून ठेविलें आहे, असें आमचें मत आहे.

प्रथम सातवा अध्याय पाहूं. अकस्मात् मेलेल्याचें प्रेत तेल माखून तपासावें, असा त्याचा आरंभ आहे. गळा दाबलेला, फांशीं गेलेला, बुडालेला, उंचावरून पडलेला, विषानें मेलेला, अशांचीं लक्षणें तेथें वेगवेगळीं दिलीं आहेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, दुसऱ्या उपायानें मारून मग दंडाच्या भयानें प्रेत टांगलें असेल, हा संशय मनांत ठेवावा असें ग्रंथकार बजावतो. प्रेतानंतर माणसें येतात. मृतास कोणीं बोलाविलें, तो कोणाबरोबर होता, घाताच्या जागेजवळ सशस्त्र किंवा उद्विग्न असा कोण फिरत होता, हें आसपासच्या लोकांस विचारावयाचें. प्रेताच्या अंगावरील वस्त्रें व अलंकार यांवरून त्या वस्तूंचा व्यवहार करणाऱ्यांकडे चौकशी करावयाची. जें नाश पावणारें तें आधीं पाहावयाचें, आणि माणसावरील संशय मागून, असा हा क्रम आहे. मृताच्या हृदयांतून काढलेला अंश अग्नींत टाकावा व त्याच्या तडतडण्यावरून आणि रंगावरून विष ओळखावें, ही परीक्षा मात्र आज कोणी मानणार नाहीं. तिच्या समर्थनार्थ लेखणी झिजविणें व्यर्थ होय.

आतां सहावा अध्याय. चोर धरण्याचीं तेथें तीन द्वारें सांगितलीं आहेत: शंका, रूप व कर्म. देश, जाति, नांव वा धंदा लपविणारा, ताज्या जखमेवर गुप्तपणें उपचार करणारा, अशांविषयींची ती शंका. चोरीची वस्तु जवळ सांपडणें तें रूप. आणि फोडलेल्या घरांतील चिन्हें तें कर्म. भिंत आंतून फुटली कीं बाहेरून, हें पाहावें, असा सूक्ष्म विचार या तिसऱ्या द्वारांत आहे.

हीं तीनही द्वारें आठव्या अध्यायांतील एका वाक्यानें डळमळीत होतात, ही गोष्ट टीकाकारांच्या दृष्टीस फारशी आलेली दिसत नाहीं. चोर नसलेला मनुष्यही सहज चोराच्या वाटेवर सांपडतो. त्याचा वेष, शस्त्र व सामान चोरासारखें असतें. किंवा चोरीचा माल त्याच्या जवळपास आढळतो. आणि मग छळाच्या भयानें तो ‘मी चोर’ असें म्हणतो, जसा अणीमाण्डव्य. म्हणून ज्याच्याविरुद्ध पुरावा पुरा झाला असेल त्यासच दंड करावा, असा निर्णय ग्रंथकार देतो. वाटेवर सांपडणें, वेषाचें साम्य, मालाचें सान्निध्य: सहाव्या अध्यायांतील संशयाच्या जागाच येथें एकेक करून मोडल्या आहेत. आपल्याच नियमावलीवर ग्रंथकारानें लिहिलेली ही दुरुस्ती होय.

येथें पाठाचा एक प्रश्न उद्भवतो. महाभारताच्या आदिपर्वांत (विष्णु सीताराम सुखठणकर यांची चिकित्सित आवृत्ति, १९३३) माण्डव्य मौनव्रती आहे. चोर कोणीकडे गेले असें राजपुरुष विचारतात. तो उत्तर देत नाहीं. आश्रमांत माल व चोर सांपडतात, आणि त्यांच्याबरोबर ऋषीसही सुळावर चढवितात. तेथें कबुली नाहीं. कौटिल्यासमोर कथेचें दुसरें रूप होतें, कीं त्यानें प्रयोजनानुसार तें फिरविलें, हें सांगावयास साधन नाहीं. परंतु दोन्ही रूपांतील दोष एकच आहे: एकांत मौन हाच अपराध ठरला, दुसऱ्यांत कबुली हाच पुरावा ठरला. अपराधी आधीं ठरला कीं बोललें तरी सूळ, न बोललें तरी सूळ.

कौटिल्यासही येथें दोषमुक्त करतां येत नाहीं. छळाच्या कबुलीचा असा धडधडीत निषेध करून त्याच अध्यायांत पुढें तो छळाचे प्रकार मोजतो. बालक, वृद्ध, आजारी, भुकेला, थकलेला इत्यादिकांस त्यानें वगळलें खरें. पण रोग ओळखून औषध अर्धेंच दिलें. आमच्या देशांत पोलिसापुढील कबुली पुराव्यांतून काढून टाकण्याचें काम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या २५ व्या कलमानें केलें, व तोच नियम २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३ व्या कलमांत कायम आहे. अकस्मात् मृत्यूच्या जागीं दोन वा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष जखमांचें वर्णन लिहावें, हा नियमही २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमांत आहे. नियम आहेत, परंतु कोणती गोष्ट आधीं व कोणती मागून, हें तपासणाऱ्यानें आरंभींच ठरविलें नाहीं, तर पाऊस चिखलांतील पावलें धुवून नेतो, साक्षीदारांच्या स्मृति परस्परांत मिसळतात, आणि हातीं उरतो तो केवळ एक संशयित.

हस्तलिखितें जमविणाऱ्या वाचकांस हें परकें वाटूं नये. पुष्पिकेंतील शक हा पोथीचा कबुलीजबाबच होय. कागद, अक्षराचें वळण व पोथी मिळाली तें घर यांची नोंद करण्यापूर्वीं जो तो शक प्रमाण मानतो, तो मूळ प्रतीचा शक नकलेच्या माथीं मारतो. आपल्या चुकीनें पोथीचें वय बिघडतें. तपासणाऱ्याच्या चुकीनें निरपराधाचें आयुष्य जातें. म्हणून या अध्यायांचें गौरव करावयाचें तर तेल माखलेल्या प्रेताकडे बोट न दाखवितां माण्डव्याच्या वाक्याकडे दाखवावें.