गुन्हेगारीचे सिद्धांत आणि ‘उचल्या’ : एक चिकित्सा

प्रस्तावना : गुन्हा जन्माने येतो, संगतीने शिकला जातो की समाज तो माथी मारतो, हा गुन्हेगारीशास्त्रातील मूलभूत प्रश्न होय. त्याची उत्तरे बहुधा पाश्चात्त्य उदाहरणांवरून अभ्यासली जातात. वस्तुतः नांदेड-लातूरच्या अभ्यासकांना त्यांची कसोटी जवळच उपलब्ध आहे. लातूर जिल्ह्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले व १९८८ च्या साहित्य अकादमी पुरस्काराने गौरविले गेले.

विवेचन : सेझारे लोम्ब्रोसो यांनी १८७६ मध्ये जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडली. त्यापूर्वीच, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश सरकारने संपूर्ण जमातींवर तो शिक्का मारण्यास आरंभ केला होता. ‘उचल्या’मध्ये मात्र कोणी चोर म्हणून जन्मत नाही. मुलांना खिसे कापण्याचे शिक्षण द्यावे लागते. पोलिसांचा मार सोसता यावा म्हणून घरीच मार द्यावा लागतो. जे मारून शिकवावे लागते ते रक्तात असू शकत नाही. एडविन सदरलँड यांचा विभेदक साहचर्याचा सिद्धांत येथे यथार्थ ठरतो.

तथापि तेवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे. ‘त्यांची संस्कृतीच तशी’ असे म्हटले की रक्ताच्या जागी जात येते आणि लोम्ब्रोसो मागच्या दाराने परततो. ही विद्या का शिकवावी लागते, याचे उत्तर रॉबर्ट मर्टन (१९३८) यांच्या मांडणीत सापडते : जगण्याचे वैध मार्ग बंद असणे. हॉवर्ड बेकर (१९६३) यांचा शिक्क्याचा सिद्धांत पोलिसी छळाचा अर्थ लावतो. परंतु भुकेपोटी झालेली चोरी केवळ शिक्क्याने स्पष्ट होत नाही. गायकवाड ती लपवीत नाहीत, हेच या लेखनाचे नैतिक बळ होय. शाळा, सूतगिरणीतील काम व कामगार संघटना यांमुळे लेखकाची वाट बदलली, ही बाब मर्टन यांच्या विचाराला पुष्टी देते.

समारोप : १८७१ पासूनचा हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. म्हणजे कायदा गेल्यानंतरही बहात्तर वर्षे जात कैद्याच्या नावापुढे लिहिली जात होती. म्हणून ‘उचल्या’ हे सिद्धांतांचे उदाहरण म्हणून न वाचता त्यांची उलटतपासणी म्हणून वाचणे अधिक न्याय्य ठरते.